आधी धावपिंपरी, मग टर्मिनल

जिल्हा नियोजन समितीच्या विषयपत्रिकेवर विमानतळ नव्हते. असण्याचे कारणही नव्हते. जालना जिल्ह्याला स्वतःचे विमानतळ नाही. जे जवळ आहे ते शेजारच्या जिल्ह्यात आहे आणि त्याच्या कारभाराशी आमच्या समितीचा संबंध नाही. तरीही प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी सभागृहाने पाणीटंचाई आणि शाळाखोल्या बाजूला ठेवल्या आणि दीड तास त्या विमानतळाच्या नव्या टर्मिनलवर चर्चा केली. मी तेव्हा एका दैनिकाचा भोकरदन तालुक्याचा प्रतिनिधी होतो. जिल्हा प्रतिनिधीच्या घरी लग्न होते, म्हणून बैठकीचे वार्तांकन माझ्याकडे आले होते.

चर्चा दारापासून सुरू झाली. एका सदस्यांनी मागणी केली की नव्या टर्मिनलचे तोंड जालन्याकडे असावे. विमानतळ जालना रस्त्याला आहे, जालन्याची माणसे तिथून उडतात, मग इमारतीने आपल्याकडे पाठ का करायची, असा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्यांना तो पटला, पण तोंड इकडे केल्यावर विमाने कोणत्या बाजूला उभी राहतील, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. तिसरे म्हणाले, विमानांचे विमानवाले बघतील, आपण माणसांचे बोलू. चौथ्यांनी टर्मिनलमध्ये जालन्याच्या बियाण्यांचे दालन सुचवले. पाचव्यांनी बियाण्यांबरोबर लोखंडही ठेवा म्हटले. एका महिला सदस्यांनी पाणीटंचाईची आठवण करून दिली, तेव्हा टर्मिनलच्या छतावर पडणारे पावसाचे पाणी कुठे जाणार, यावर दहा मिनिटे गेली.

शेवटी विरोधी बाजूचे एक ज्येष्ठ सदस्य उठले.

“आधी धावपट्टी वाढवा, मंग टर्मिनल बांधा,” ते म्हणाले. “घर टोलेजंग बांधलं अन् अंगणच न्हाई, तर पाव्हण्यानं गाडी लावायची कुठं?”

दोन्ही बाजूंनी बाके वाजली. त्यांनी मग चार मागण्या केल्या. धावपट्टीची लांबी वाढवावी. धावपट्टीवर दिवे वाढवावेत. धावपट्टीच्या कडेने पक्की नाली काढावी. धावपट्टीवर मोकाट कुत्री येऊ नयेत म्हणून भक्कम कुंपण घालावे. अध्यक्षांनी भावना वर कळवू असे सांगितले आणि चहा आला.

बातमी मी व्हरांड्यात उभ्याउभ्या मोबाइलवर टाइप केली. प्रजासत्ताक दिनाचे पान लवकर सोडायचे होते आणि डेस्कवरून दोनदा फोन आला होता. मोबाइलच्या कीबोर्डला एक सवय असते. आपण जे शब्द नेहमी लिहितो ते तो आधी पुढे करतो. मी ‘धावप’ एवढे टाइप केले की तो ‘धावपिंपरी’ पुढे करी आणि मी स्पेस दाबली की ते लागे. मी स्पेस दाबत गेलो.

धावपिंपरी हे भोकरदन तालुक्यातले गाव आहे. धावड्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. भोकरदनहून येणारी बस तिथे संपते, वळते आणि परत जाते. दोन वर्षे मी या गावाविषयी इतक्या वेळा लिहिले होते की कीबोर्डच्या समजुतीप्रमाणे जगात ‘धावप’ने सुरू होणारी दुसरी गोष्ट उरली नव्हती. लिहिण्याचे कारण दर वेळी एकच होते. बसथांबा.

गावात दोन गल्ल्या आहेत, वरली आणि खालची. वरल्या गल्लीचे म्हणणे, थांबा शाळेपाशी. खालचीचे म्हणणे, मारुतीपाशी. दोन्हींत अंतर साधारण चारशे पावलांचे. प्रवासी निवारा मंजूर होऊन दोन वर्षे झाली होती, पण जागेचा ठराव दर ग्रामसभेत कोसळत होता. बस मारुतीपाशी थांबली तर वरले लोक चालकाला बोलत, शाळेपाशी थांबली तर खालचे. चालकाने त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. तो कुठेच पूर्ण थांबत नसे. वेग कमी करी, दोन्ही ठिकाणांच्या मधे कुठेतरी रेंगाळे आणि मग निघून जाई. पाच शेतकरी आणि एक बकरी त्यात चढू शकत. कॉलेजच्या मुली चढू शकत नसत.

त्या सात होत्या. सगळ्या अकरावीला, भोकरदनला. पानटपरीसमोर उभे राहायला नको म्हणून त्या लिंबाच्या झाडामागे थांबत आणि बस दिसली की धावत. आठवड्यातून दोनतीनदा ती चुकायची. सातांपैकी एक सरपंचांची मुलगी होती. सरपंच चाळिशीच्या बाई. दोन्ही गल्ल्यांना एकमेकींचा उमेदवार नको होता, म्हणून निवडून आलेल्या. घरात त्यांच्या थोरल्या दिरांचा शब्द चाले आणि त्यांनी दिवाळीतच सांगून टाकले होते की पोरगी बसमागं पळते हे चांगलं दिसत न्हाई, अकरावी झाली की कॉलेज बंद. निवाऱ्याचा निधीही मार्चअखेर परत जाणार होता. पंचायत समितीने तसे पत्र पाठवले होते. सरपंचांनी ते मला दाखवले होते आणि त्याचीही बातमी झाली होती.

ही परिस्थिती असताना सव्वीस जानेवारीच्या अंकात, पहिल्या पानावर, तीन कॉलम मथळा आला : ‘टर्मिनलआधी धावपिंपरी वाढवा’. खाली उपमथळा : ‘नियोजन समितीत सदस्य आक्रमक’. डेस्कवरच्या सहकाऱ्याला दोष देता येत नाही. गावाचे नाव पाचही ठिकाणी शुद्ध होते.

सकाळी साडेसहाला सरपंचांचा फोन आला. मी तोवर अंक पाहिला नव्हता. त्यांनी बातमी वाचून दाखवली. धावपिंपरीची लांबी वाढवावी. धावपिंपरीवर दिवे वाढवावेत. धावपिंपरीच्या कडेने पक्की नाली काढावी. धावपिंपरीवर मोकाट कुत्री येऊ नयेत म्हणून भक्कम कुंपण घालावे. त्या कुंपणापर्यंत पोहोचल्या तेव्हा मी पलंगावर उठून बसलो होतो.

मी त्यांना लगेच सांगितले की चूक माझी आहे, शब्द धावपट्टी आहे, गावाचा काही संबंध नाही. त्यांच्या मागे लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी चालू होती.

“मला वाटलंच व्हतं,” त्या म्हणाल्या. “पण भाऊ, एक सांगा. हे टर्मिनल म्हंजे नेमकं काय असतं?”

मी म्हणालो, प्रवासी येतात, सावलीत बसतात, वाहन आले की ओळीने जाऊन चढतात, त्याची इमारत.

“म्हंजे निवाराच की.”

मी म्हणालो, तसे म्हणता येईल, पण मोठा.

“मोठं बारकं पुढचं पुढं,” त्या म्हणाल्या. “अकराला ग्रामसभा हाय. तुम्ही या अन् चूक झाली म्हणून सगळ्यांसमोर सांगा. लपवायचं काही न्हाई.”

मी डेस्कला फोन लावला. घंटी वाजत राहिली. प्रजासत्ताक दिनाची कार्यालयाला सुट्टी होती. सत्तावीसचा अंक निघणार नव्हता, म्हणजे शुद्धिपत्र लवकरात लवकर अठ्ठावीसला. दोन दिवस धावपिंपरीला टर्मिनल राहणार होते आणि ते काढण्याची सोय माझ्याकडे तोंडी तेवढी होती. मी मोटारसायकल काढली.

गावात शिरलो तेव्हा झेंडावंदन होऊन गेले होते आणि कोणी घरी गेले नव्हते. चहाच्या हॉटेलासमोर चाळीसेक माणसे उभी होती. मधोमध एका बाकावर उभे राहून न्हावी बातमी वाचत होता. मला कळले की ते त्याचे सहावे वाचन होते, कारण प्रत्येक नव्या माणसाला सुरुवातीपासून ऐकायचे होते. दर वाक्याला लोक मान हलवत. दिवे वाढवावेत. बराबर, गावात तीनच खांब चालू. पक्की नाली काढावी. बिलकुल बराबर. मोकाट कुत्री. यावर मागून कोणीतरी आपली पोटरी पुढे केली. एक म्हातारे मला म्हणाले की आजवर गावाचं एवढं खरं कोणी सांगितलं न्हाई, जालन्यात बसून त्या मान्सानं कुत्री सुदिक पाह्यली. बातमीवर विश्वास बसण्याचे कारण हेच होते. त्यातले प्रत्येक वाक्य धावपिंपरीबाबत खरे होते.

साडेदहापर्यंत गावाचे नियोजन बरेच पुढे गेले होते. शिंप्याने पायलटांच्या गणवेशाचे काम घ्यायचे ठरवले होते आणि पांढरे कापड धुळीत टिकणार नाही अशी त्याची आताच तक्रार होती. हॉटेलवाल्याच्या मते विमानातल्या लोकांना भजी उतरायच्या आधी द्यावी लागतील, नंतर थंड होतील. एका घरात पुण्याच्या जावयाचा चार वर्षांनी फोन आला होता. दोघे भाऊ गच्चीवर बाज टाकून वर बघत पडले होते आणि सकाळपासून एक विमान मोजले होते. ते उंचावरून दक्षिणेला गेले. त्याला जागा माहीत नसेल, असे धाकटा म्हणाला. बायकांमध्ये वाद वेगळाच होता. आवाजाने म्हशी आटतील असे एकीचे म्हणणे, तर दुसरीने सांगितले की तिच्या माहेरी आगगाडी जाते आणि म्हशी उलट गाडीच्या वेळेलाच पान्हा सोडतात.

मी न्हाव्याच्या बाकाजवळ गेलो आणि सांगितले की बातमीत चूक झाली आहे.

लोकांनी माझ्याकडे पाहिले, मग अंकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. वरल्या गल्लीचे पुढारी पुढे आले. ते सत्तरीचे, पांढरे धोतर, खिशाला दोन पेन. त्यांनी माझा दंड धरला, बाजूला नेले आणि हळू आवाजात विचारले, “वरून फोन आला का?”

मी म्हणालो, कोणाचाही फोन आला नाही. मोबाइलने शब्द बदलला.

“समजलो,” ते म्हणाले. “तुम्हाला नोकरी करायची हाय. आमचं काही म्हणणं न्हाई.”

त्यांनी परत जाऊन गर्दीला सांगितले की पत्रकारावर दबाव आणून राह्यले. पाच मिनिटांत ही बातमी खालच्या गल्लीपर्यंत गेली आणि येताना मोठी होऊन आली. तिच्यात आता एक मंत्री होता. मी दोन वर्षे खरे लिहीत होतो तेव्हा ज्या माणसांनी मला पेड म्हटले होते, त्यांनी त्या सकाळी माझ्या धाडसाचे कौतुक केले आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. धावपिंपरीत गणपूर्तीअभावी सभा तहकूब होणे हा रिवाज होता. ग्रामसेवक तहकुबीची टिपणी घरूनच लिहून आणत. त्या दिवशीही आणली होती. त्यांनी पटांगण पाहिले, टिपणी घडी करून खिशात ठेवली आणि वहीची नवी पाने उघडली. माणसे भिंतींवर बसली होती. मुली मागच्या ओळीत, कॉलेजच्या सातही. सरपंचांचे थोरले दीर कडेला खुर्चीवर, तोंड दुसरीकडे करून.

सरपंचांनी पहिल्याच वाक्यात मला उभे केले. “भाऊंना काही सांगायचंय. आधी ऐकून घ्या, मंग बोला.”

मी पुन्हा सांगितले. मूळ शब्द धावपट्टी होता, चर्चा शेजारच्या विमानतळाची होती, धावपिंपरीला विमान येणार नाही, अंकात शुद्धिपत्र येईल. शक्य तितके स्पष्ट बोललो. खालच्या गल्लीचे पुढारी उठले. हे पहिल्या पुढाऱ्यांचे चुलत मेहुणे, दोघांत पंधरा वर्षे बोलणे नाही.

“म्हंजे छापलेलं खोटं अन् तोंडी सांगितलेलं खरं?” त्यांनी विचारले. “असं असतं तर सातबारा कशाला पाह्यजे, तोंडीच वावर वाटलं असतं.”

पटांगण हसले. ग्रामसेवकांनी माझे निवेदन इतिवृत्तात नोंदवले. ‘सभेने ऐकून घेतले’ असा शेरा मारला. मी बसलो.

त्यानंतर जी चर्चा झाली ती मी आदल्या दिवशी ऐकलेल्या चर्चेहून कोणत्याही अर्थाने कमी नव्हती. वरल्या गल्लीने टर्मिनल शाळेपाशी मागितले, कारण पोरांना जनरल नॉलेज मिळेल. खालच्या गल्लीने मारुतीपाशी मागितले, कारण विमानात बसायच्या आधी माणूस देवाचे नाव घेतोच, त्याला लांब चालवायचे कशाला. तोंडाचा प्रश्न इथेही निघाला. तोंड पूर्वेला असावे यावर एकमत झाले, पण पूर्व शाळेची धरायची की मारुतीची, यावर मोडले. एकाने विमाने गावावरून जाताना बाथरूमवरून जाणार नाहीत, अशी अट घालायला सांगितली. एका आजींनी एकच प्रश्न विचारला, अर्धे तिकीट चालेल का. त्यांना सरपंचांनी सांगितले की बसमध्ये चालतं, बाकीचं विचारून सांगते.

पाऊण तासाने आवाज चढले. दोन्ही पुढारी उभे होते आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा एकमेकांना उद्देशून बोलत होते, जरी जे बोलत होते ते लिहिण्यासारखे नव्हते. मला वाटले, आता हीही सभा कोसळणार. मागच्या ओळीतल्या मुलींनाही तसेच वाटले असावे, कारण दोघी उठून कपडे झटकू लागल्या होत्या.

तेव्हा भिंतीवर बसलेला एक जण म्हणाला, “भांडा, भांडा. धावडेवाले घेऊन जातील.”

पटांगणात इतकी शांतता झाली की हॉटेलातली कढई ऐकू येत होती.

धावडा मोठे गाव. आठवडी बाजार त्यांच्याकडे गेला, बँक त्यांच्याकडे गेली. धावपिंपरीत मूल रडले तर धावडेवाल्यांनी चिमटा काढला असे म्हणतात. वरले पुढारी खाली बसले. खालचे पुढारी उभेच राहिले, पण आवाज उतरला. सरपंच एवढ्याच क्षणासाठी थांबल्या असाव्यात. त्यांनी विचारले की शाळा नको, मारुती नको, पण रस्त्याला लागून गावठाणाचा तुकडा आहे, जिथं बस वळती, तो कसा काय? दोन्हीकडून दोनशे पावलं.

हाच तुकडा दोन वर्षांत सहा वेळा सुचवला गेला होता आणि सहाही वेळा दोन्ही गल्ल्यांनी फेटाळला होता. दोनशे पावले कोणी चालायचे, हे कारण होते. आता वरले पुढारी म्हणाले की टर्मिनल म्हटल्यावर माणूस दोनशे पावलं चालतोच. खालचे म्हणाले, उलट चालायलाच पाह्यजे, इज्जत राहते.

सरपंचांनी ग्रामसेवकांना ठराव सांगितला. त्या एकेक शब्द सावकाश बोलत होत्या आणि सगळे गाव ऐकत होते : ‘मौजे धावपिंपरी येथे बस वळण्याच्या जागेवर प्रवाशांसाठी टर्मिनल बांधण्यास ग्रामसभेची हरकत नाही. सदर काम मार्चअखेरच्या आत हाती घ्यावे.’

एका म्हाताऱ्यांनी विचारले, विमान लिहायचं राह्यलं का?

“काका, भाऊंनी आताच सांगितलं, विमान येत न्हाई म्हणून,” सरपंच म्हणाल्या. “जे येतं त्याच्यासाठी लिहू.”

म्हाताऱ्यांनी बाजूच्याला डोळा मारला. बाई हुशार हाय, धावड्याच्या मान्साला वास लागू देऊन न्हाई राह्यली. हा अर्थ भिंतीवरून भिंतीवर गेला आणि सगळ्यांना पटला. सूचक वरले पुढारी झाले, अनुमोदक खालचे. एकाच कागदावर दोघांची सही गावाने पहिल्यांदा पाहिली. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. कोणीतरी फटाक्यांची लड आणली होती, ती बस वळण्याच्या जागेवर लावण्यात आली. नेमकी दुपारची बस त्याच वेळी आली आणि चालक घाबरून गावाबाहेर थांबला. त्याला हार घालण्यासाठी पन्नास माणसे धावत गेली. त्याने काचा वर करून घेतल्या.

सत्तावीस तारखेला अंक नव्हता. त्या दिवशी दोन्ही पुढाऱ्यांनी एकाच जीपमधून जागेची पाहणी केली, असे मला सांगण्यात आले. जागा दोघांच्याही घरातून दिसते.

अठ्ठावीसला शुद्धिपत्र आले. सहाव्या पानावर, तळाला, दोन ओळी : ‘सव्वीस जानेवारीच्या अंकातील नियोजन समितीच्या वृत्तात धावपिंपरीऐवजी धावपट्टी असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ मजकूर मीच लिहिला होता आणि त्या वेळी कीबोर्डच्या सूचना बंद करून अक्षरे एकेक निवडली होती. याहून स्वच्छ वाक्य मला आजही सुचत नाही.

आठ वाजता सरपंचांचा फोन आला. त्यांना बोलता येत नव्हते. आधी मला वाटले की रडतात. मग कळले, हसतात. गावात सभा भरली होती. धावपिंपरीऐवजी धावपट्टी असे वाचावे. गावाचे नाव बदलले, असा त्याचा अर्थ काढला गेला होता. हल्ली जिल्ह्यांची, शहरांची नावे बदलतात, मग गावाचे का नाही? आणि नवे नाव धावपट्टी आहे म्हटल्यावर विमानाविषयी शंका उरण्याचे कारण नव्हते. फक्त गावाला न विचारता नाव बदलले, यावर तरुण मंडळी संतापली होती. एका गटाने दुपारी तहसीलवर निवेदन द्यायचे ठरवले. दुसऱ्या गटाने ग्रामपंचायतीच्या पाटीवरचा ‘पिंपरी’ खडूने झाकून कसा दिसतो हे पाहिले. दिलगीर आहोत, हे शब्द जुने नाव गेल्याबद्दल आहेत असे न्हाव्याने समजावून सांगितले.

दुपारी तहसीलमध्ये त्यांना खरे कळले. माझ्या तोंडून न पटलेली गोष्ट तिथल्या कारकुनाने एका वाक्यात पटवली, कारण त्याने ती त्यांच्याकडे न बघता सांगितली.

संध्याकाळी मी गावात गेलो. जाणे भाग होते. हॉटेलात बसलो तेव्हा चहाचे पैसे आधी मागून घेण्यात आले. शिंपी मला पाहून उठून गेला. गच्चीवरचे भाऊ खाली आले होते. मग वरले पुढारी आले आणि माझ्यासमोर बसले. ठराव रद्द करायचा का, अशी गावात कुजबुज होती. मार्चला दोन महिने होते. ठराव रद्द झाला तर निवारा गेला, आणि त्याबरोबर कोणाचे काय जाणार होते ते मला माहीत होते. मी विचारले, रद्द करणार का?

“सूचक मी हावो,” ते म्हणाले. “रद्द करा म्हणून मीच उठलो, तर मी फसलो असं व्हईल. त्याला म्हणा, अनुमोदन मागं घे. मंग बघू.”

खालच्या पुढाऱ्यांकडे गेलो. ते गोठ्यात होते. त्यांनी तेच उत्तर दिले, फक्त उलट बाजूने. आधी सूचकानं मागं घ्यावं. अनुमोदकाचं काम त्याच्या मागं मागं. मी हे दोन्ही जबाब एकमेकांना कळवले नाहीत. कोणी विचारलेही नाही. पुढच्या महिन्यात विशेष ग्रामसभा बोलावण्यात आली, तिला अकरा माणसे आली आणि ग्रामसेवकांनी तहकुबीची टिपणी खिशातून काढली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पंचायत समितीचे अभियंते जागा मोजायला आले. ठरावात टर्मिनल लिहिले होते आणि मंजुरी निवाऱ्याची होती. त्यांनी सरपंचांना विचारले की हे काय आहे. सरपंच म्हणाल्या की आमच्याकडं बस संपती. जिथं गाडी संपती त्याला टर्मिनलच म्हणतेत, पत्रकाराला विचारून घेतलंय. अभियंत्यांनी मला फोन केला. मी सांगितले की शब्द बरोबर आहे. माझ्या त्या वर्षातल्या कामगिरीत याहून निर्विवाद असे दुसरे काही नव्हते.

पत्र्याचे छप्पर, तीन बाजूंनी भिंत, सिमेंटचे दोन बाक. मे महिन्यात झाले. तोंड पूर्वेला आहे, रस्ताच त्या बाजूला असल्यामुळे.

जूनमध्ये कॉलेज उघडले त्या सकाळी मी तिथे होतो. मुली बाकावर बसल्या होत्या, सातपैकी सहा. सरपंचांची मुलगी अजून आली नव्हती. सरपंच रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या आणि घराच्या दिशेने बघत नव्हत्या. अकरावी झाली होती आणि घरात निकाल अजून लागायचा होता. बसची वेळ झाली तेव्हा थोरले दीर येताना दिसले, पुढे ते आणि चार पावले मागे मुलगी, दप्तर घेऊन. ते निवाऱ्यात शिरले, छपराकडे पाहिले, बाकाला हात लावून पाहिला आणि बसले.

बस आली. वळली. बरोबर समोर येऊन पूर्ण थांबली. इंजिन चालू होते, पण चाके थांबली होती. मुली उठल्या, ओळीने गेल्या, चढल्या. पळाले कोणी नाही. थोरले दीर सगळ्यात शेवटी उठले आणि तेही चढले. वाहकाने कुठे जायचे विचारले, तेव्हा त्यांनी भोकरदन सांगितले आणि मुलींच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

पुढचे मला सरपंचांनी रात्री फोनवर सांगितले. दीर कॉलेजच्या फाटकापर्यंत गेले, मुली आत जाईपर्यंत बाहेर उभे राहिले, समोर चहा घेतला आणि दुपारच्या बसने परत आले. घरी येऊन पाय धुतले, जेवायला बसले. पोरीचा विषय त्यांनी काढला नाही, सरपंचांनीही काढला नाही. दुसरी भाकरी घेताना ते म्हणाले, “तिचा पास काढून घे. रोज रोज तिकीट कशाला काढायचं.”